दहाव्या दिवसाचा टाका

"किती टाके पडले?" बाळाचं वजन विचारून झालं की लगेच हा प्रश्न येतो. आई विचारते, सासू विचारते, मैत्रीण फोनवर विचारते. बाळंतीण तर टेबलावर असतानाच विचारते. चार म्हटलं तर सगळ्यांना हायसं वाटतं, बारा म्हटलं की चेहरे उतरतात. इतकी वर्षं बाळंतपणं करत आल्यावर हल्ली मी या प्रश्नाला आकडा सांगत नाही. लपवण्यासारखं काही असतं म्हणून नव्हे. आज बहुतेक जखमा ज्या पद्धतीने शिवाव्यात असं मी शिकवते, त्या पद्धतीत मोजायला सुटे टाके नसतातच. एकच धागा आत जातो, तीन थरांतून फिरतो आणि शेवटच्या गाठीवर थांबतो. आणि समजा टाके सुटे घातले, तरी त्यांच्या संख्येवरून त्या बाईचे पुढचे दहा दिवस कसे जाणार हे कोणालाच सांगता येणार नाही.

ते ठरतं दुसऱ्याच गोष्टींवर. जखम कुठवर गेली आहे हे शिवण्याआधी नीट पाहिलं का, धागा कसला होता, तो किती ओढला, आणि उद्या-परवा येणाऱ्या सुजेची आठवण शिवणाऱ्याला होती का.

याविषयी मोकळेपणाने लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. ब्रिटनमधल्या आकडेवारीप्रमाणे, नैसर्गिक मार्गाने बाळंत होणाऱ्या सुमारे ८५ टक्के बायकांना योनिमुखाजवळ थोडीफार इजा होते आणि त्यांतल्या ६० ते ७० टक्के बायकांना टाके घालावे लागतात. एवढ्या मोठ्या संख्येने होणारी दुसरी कुठलीही जखम असती, तर तिच्याबद्दल घराघरांत बोललं गेलं असतं. ही मात्र अशा जागेची आहे की बाई नवऱ्यालाही अर्धंच सांगते, आणि डॉक्टरने विचारलं नाही तर डॉक्टरलाही सांगत नाही.

योनिमुख आणि गुदद्वार यांच्या मधला तो पट्टा जेमतेम तीन-चार सेंटिमीटरचा. आम्ही त्याला पेरिनियम म्हणतो. कातडी बाजूला केली तर खाली बरीच गर्दी आहे. योनिमुखाला वेढणारे स्नायू, दोन्ही बाजूंनी येणारे आडवे स्नायू आणि मागचा, गुदद्वार आवळून धरणारा गोल स्नायू हे सगळे इथे मध्यभागी एकमेकांत गुंततात. ओटीपोटाचा तळ धरून ठेवण्यात या लहानशा जागेचा मोठा वाटा आहे. बाळाचं डोकं बाहेर येताना ती ताणून ताणून पातळ होते आणि पुष्कळदा फाटते.

किती फाटली यावरून तिचे चार दर्जे केले आहेत. नुसती कातडी किंवा योनीची आतली त्वचा फाटली तर पहिला, खालचे स्नायू फाटले तर दुसरा. गुदद्वाराच्या गोल स्नायूला, म्हणजे स्फिंक्टरला धक्का लागला की तिसरा, आणि त्याच्याही आतलं गुदमार्गाचं अस्तर उघडलं की चौथा. तिसऱ्या दर्जाचे पुन्हा तीन पोटभाग आहेत: बाहेरच्या स्फिंक्टरची निम्म्याहून कमी जाडी फाटली, निम्म्याहून जास्त फाटली, की आतला स्फिंक्टरही गेला. हे पोटभाग अब्दुल सुलतान या ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये मांडले आणि ते जगभर रुळले.

शिवण्याच्या पद्धतींवर वाद घालण्याआधी मला या पाहण्याबद्दलच बोलायचं आहे, कारण खरं नुकसान इथे होतं. २००६ साली ब्रिटनमध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. २४१ बायका, सगळ्यांचं पहिलंच नैसर्गिक बाळंतपण. बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरांनी आणि मिडवाइफनी, म्हणजे प्रशिक्षित सुईणींनी, तपासलं तेव्हा स्फिंक्टरची इजा ११ टक्के बायकांमध्ये सापडली. त्याच बायकांना, टाके घालण्याआधी, या कामाचं खास प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरने पुन्हा तपासलं, आणि तो आकडा २४.५ टक्क्यांवर गेला. त्याआधी अनेक वर्षं असं मानलं जायचं की काही इजा 'छुप्या' असतात, त्या फक्त सोनोग्राफीतच दिसतात. या अभ्यासाने दाखवलं की त्यांतल्या बहुतेक इजा डोळ्यांना आणि बोटांना सापडण्यासारख्या होत्या. त्या पाहायच्या राहून गेल्या होत्या, एवढंच.

राहून का जातात हे लेबर रूममध्ये उभं राहिलेल्या माणसाला लगेच कळेल. रक्त वाहत असतं, उजेड छताकडून येतो आणि जिथे लागतो तिथे पोचत नाही. बाई थकून थरथरत असते, पलीकडे दुसरी ओरडत असते. वरची कातडी कधी कधी फारशी फाटलेलीही नसते. स्फिंक्टर तुटला की त्याची दोन टोकं आपापल्या बाजूला आखडून आत जातात, आणि जिथे लालसर, भरीव स्नायू दिसायला हवा तिथे बाजूला एक खळगा तेवढा दिसतो. तो खळगा ओळखायचा असेल तर गुदद्वारात एक बोट आणि योनीत अंगठा घालून, मधला भाग दोहोंमध्ये धरून, सावकाश चाचपावा लागतो. तिला आधी सांगून, तिची परवानगी घेऊन, भूल नीट चढल्यावर. याला दोन-तीन मिनिटं लागतात. ही दोन-तीन मिनिटं वाचवण्याइतकं महाग दुसरं काही नाही, कारण इथे चुकलेली इजा वरून कितीही सुरेख शिवली, तरी त्या बाईला पुढे वारा आवरत नाही, संडासला धावत जावं लागतं, आणि हे बाळंतपणाचं दुखणं आहे हे तिला कोणी सांगितलेलंही नसतं.

आता शिवण्याबद्दल.

मी शिकले ती पद्धत जगभर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली होती. योनीच्या आतला थर सलग शिवायचा, पण प्रत्येक फेऱ्याला धागा मागच्या फासातून काढून अडकवायचा. त्याला आम्ही लॉक करणं म्हणतो. मग स्नायूंना तीन-चार सुटे टाके, प्रत्येकाला वेगळी गाठ. मग कातडीला चार-पाच सुटे टाके, त्यांच्याही गाठी, आणि त्या बाहेर. यामागे विचार नव्हता असं नाही. लॉक केलं की रक्त थांबतं आणि योनीची लांबी आखडत नाही, असं सांगितलं जाई. सुट्या टाक्यांतला एक तुटला तरी बाकीचे जखम धरून ठेवतात, हा दुसरा विचार. ऐकायला दोन्ही पटतात. शिवून झाल्यावर ती जखम दिसायचीही नेटकी, सारख्या अंतरावर ओळीने गाठी. वरिष्ठ येऊन बघायचे, मान हलवायचे, आणि काम झालं.

पण जखम त्या वेळी जशी असते तशी ती दुसऱ्या दिवशी नसते. ती सुजते. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत ती सगळी जागा फुगून घट्ट होते. सुटा टाका म्हणजे आवळलेलं एक बंद कडं. आतला भाग फुगला तरी कड्याला सैल पडता येत नाही. ते मांसात रुतायला लागतं, तिथला रक्तपुरवठा कमी होतो आणि दुखणं वाढतं. कातडीवरच्या गाठी तर बसताना थेट टोचतात. लॉक केलेल्या फेऱ्यांचंही तेच, प्रत्येक फेरा आपल्या जागी जखडलेला, ताण पुढे सरकायला वाव नाही.

एका बाईचं बसणं मला अजून दिसतं. टाके तपासायला आली होती. खुर्चीच्या कडेला एकाच कुल्ल्यावर, दोन्ही हातांनी खुर्ची धरून, बाळ सासूच्या मांडीवर देऊन बसली होती. जखमेला पू नव्हता, ती उसवलेली नव्हती, कागदावर लिहायचं तर 'जखम उत्तम'. ती म्हणाली, "दुखत नाही तसं, पण एक टाका ओढतो, म्हणून दूध पाजायला बसवतच नाही." दूध पाजायला बसवत नाही हे आमच्या कुठल्याही तक्त्यात लिहायला जागा नव्हती. आम्ही जखम तपासत होतो. ती बसते कशी हे तपासणं आमच्या कामात धरलेलं नव्हतं.

ते काम मिडवाइफनी केलं. या विषयातलं सगळ्यांत उपयोगी संशोधन मिडवाइफच्या हातून झालं, याचं मला फार मोल वाटतं आणि आश्चर्य मुळीच वाटत नाही. ब्रिटनमध्ये बाळंतपणानंतरच्या पहिल्या दहा-बारा दिवसांत बाळंतिणीच्या घरी जाणाऱ्या त्याच. उठताना, बसताना, पाजताना तिला पाहणाऱ्या त्याच. अमेरिकेत नॅन्सी फ्लेमिंग या नर्स-मिडवाइफने १९९० साली सलग, लॉक न केलेल्या, सैल टाक्यांची पद्धत मांडली आणि शिवण्याच्या पद्धतीमुळे दुखण्यात फरक पडू शकतो का, असा सरळ प्रश्न विचारला. त्या प्रश्नाचं ठाम उत्तर इंग्लंडच्या ख्रिस्तीन केटल या मिडवाइफने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलं. त्यांचा अभ्यास २००२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. नैसर्गिक बाळंतपणात दुसऱ्या दर्जाची जखम झालेल्या किंवा बाळाला वाट करून देण्यासाठी पेरिनियमला चीर दिलेल्या १५४२ बायका, चिठ्ठी टाकावी तशा दोन गटांत वाटलेल्या, एका गटाला सलग टाके, दुसऱ्याला सुटे. दहाव्या दिवशी विचारलं तेव्हा सुट्या टाक्यांच्या गटात ४४ टक्के बायकांना दुखत होतं, सलग टाक्यांच्या गटात २६.५ टक्के. म्हणजे पद्धत बदलल्याने दर सहा बायकांमागे एकीचं दहाव्या दिवसाचं दुखणं टळलं. नवं औषध नाही, यंत्र नाही, तीच सुई आणि तोच धागा, फक्त फिरवण्याची रीत वेगळी. टाके टोचतात म्हणून ते काढून घ्यावे लागण्याचं प्रमाणही सलग टाक्यांत पुष्कळ कमी होतं.

पुढे वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१२ च्या आढाव्यात असे १६ अभ्यास, मिळून आठ हजारांवर बायका, एकत्र तपासल्या गेल्या आणि निष्कर्ष तोच निघाला. त्यातली एक गोष्ट मी मुद्दाम सांगते, कारण ती अर्धवट अमलात आणली जाते. नुसती कातडी सलग शिवली आणि आतले स्नायू सुट्या टाक्यांनीच घेतले तर फायदा कमी होतो. तिन्ही थर सलग घेतले की तो जास्त मिळतो. बाहेरून दिसणारी शिवण बदलून आतली तशीच ठेवायची, हा मधला मार्ग मी पुष्कळ ठिकाणी पाहते आणि दर वेळी त्याबद्दल बोलते.

ती पद्धत जवळून अशी असते. आतल्या जखमेचं वरचं टोक आधी शोधायचं. ते दिसलंच पाहिजे, अंदाजाने नाही. त्या टोकाच्या साधारण एक सेंटिमीटर वर पहिला टाका घेऊन गाठ मारायची, म्हणजे आत आखडून गेलेली रक्तवाहिनी असेल तर तीही धरली जाते. तिथून धागा लॉक न करता सैलसर फेऱ्यांनी बाहेरच्या दिशेला आणायचा. योनिमुखाशी हायमेनची, म्हणजे तिथल्या पातळ पडद्याची, जी कड उरलेली असते, तिची दोन टोकं समोरासमोर आली की ओळखायचं की जखम बरोबर जुळते आहे. ही खूण फार भरवशाची. इथे अर्धा सेंटिमीटर चुकलं तर खालचं सगळं तिरपं जातं. मग सुई खाली स्नायूंत उतरवायची, त्याच धाग्याने स्नायू एक किंवा गरज पडली तर दोन थरांत जवळ आणायचे, मध्ये पोकळी राहू द्यायची नाही, नाहीतर तिथे रक्त साकळतं. जखमेच्या खालच्या टोकाला पोचलं की परत वर फिरायचं, या वेळी कातडीच्या अगदी खालून, आतल्या आत. कातडीतल्या मज्जातंतूंच्या टोकांना सुई जितकी कमी छेदेल तितकं बरं, म्हणून हे टाके थोडे खोलच घ्यायचे. शेवटी धागा पुन्हा योनीत न्यायचा आणि हायमेनच्या कडेच्या आत गाठ मारायची. बाहेर एकही गाठ नाही. पहिली गाठ आत, शेवटचीही आत, मधे सगळा धावदोरा. बहुतेक वेळा एका पाकिटातला धागा पुरतो.

धावदोरा ओढून घट्ट केला की कापडाला चुण्या पडतात, हे शिवणकाम केलेल्या कोणालाही ठाऊक असतं. इथेही तसंच. सलग टाक्याचा फायदा त्याच्या सलग असण्यात आहे, कारण सूज आली की ताण धाग्याच्या सबंध लांबीवर पसरतो. पण शिवणाऱ्याने दर फेऱ्याला धागा खेचला तर तो फायदा तिथेच संपतो. नवीन रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, हमखास खेचतात. मी त्यांना सांगते, कडा एकमेकींना टेकल्या की थांब, त्याच्यापुढे ओढू नकोस. आत्ता थोडं सैल दिसेल. दिसू दे.

धाग्यांची गोष्ट तशी जुनी आहे. बाराव्या शतकात इटलीतल्या सालेर्नोच्या वैद्यकीय परंपरेतलं स्त्रियांच्या आजारांवरचं लेखन उपलब्ध आहे, त्यात ही जखम रेशमाच्या धाग्याने तीन-चार ठिकाणी शिवण्याचा उल्लेख येतो. नंतर बराच काळ कॅटगटचं राज्य होतं. नावात 'कॅट' असलं तरी हा धागा मांजराच्या नव्हे, मेंढीच्या किंवा गाईच्या आतड्याच्या थरापासून करत. परका प्रथिनाचा पदार्थ, त्यामुळे शरीर त्याच्यावर तुटून पडायचं, आणि जखमेची आग वाढायची. शिवाय तो कधी विरघळेल याचा नेम नसे. १९७० च्या दशकात पॉलिग्लायकॉलिक ॲसिड आणि पॉलिग्लॅक्टिनचे कृत्रिम धागे आले. ते पाण्याने सावकाश विघटित होतात, शरीराला फारशी लढाई करावी लागत नाही. कॅटगटशी तुलना केलेल्या अभ्यासांत या धाग्यांनी पहिल्या काही दिवसांचं दुखणं आणि वेदनाशामक गोळ्यांची गरज दोन्ही कमी झाली. गाईंमधल्या मेंदूच्या रोगाच्या भीतीने युरोपात कॅटगट या शतकाच्या सुरुवातीला बाजारातून गेलंच.

कृत्रिम धाग्यांतही अडचण होती. साधा पॉलिग्लॅक्टिन पूर्ण विरघळायला आठ ते दहा आठवडे लागतात. पेरिनियमची जखम त्याच्या कितीतरी आधी जुळलेली असते. मग काम संपलेला धागा तिथे टोचत बसतो. म्हणून त्याच धाग्यावर प्रक्रिया करून लवकर विरघळणारा प्रकार काढला. त्याची ताकद दहा-चौदा दिवसांत संपते आणि साधारण सहा आठवड्यांत तो नाहीसा होतो. केटल यांच्या अभ्यासात याचीही तुलना होती. दहाव्या दिवशी दुखणाऱ्या बायकांचं प्रमाण दोन्ही धाग्यांत जवळपास सारखं आलं, पण लवकर विरघळणाऱ्या धाग्याने चालतानाचं दुखणं कमी होतं, आणि टाके काढून घेण्याची वेळ दर दहांमागे एकीची टळली. आज माझ्या हातात पर्याय असेल तर मी हाच धागा मागते.

कातडी शिवूच नये, असाही एक विचार आहे. इंग्लंडमध्येच इप्सविच इथे १७८० बायकांवर त्याचा अभ्यास झाला, तो १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. आतला थर आणि स्नायू शिवायचे, कातडीच्या कडा जवळ आल्या की तिथेच थांबायचं. दहाव्या दिवशी दुखण्यात फरक नव्हता, आणि कडा थोड्या उघड्या राहिलेल्या बायका जास्त होत्या. पण तीन महिन्यांनी त्याच गटात संबंधाच्या वेळी दुखणं कमी होतं, आणि वर्षानंतरही 'ती जागा पूर्वीसारखी वाटत नाही' म्हणणाऱ्या कमी होत्या. मला हा निष्कर्ष विचार करायला लावतो. आपण ज्या थरावर सगळ्यांत जास्त मेहनत घेतो, कारण तो दिसतो, त्याचीच कदाचित सगळ्यांत कमी गरज असते. कडा अर्ध्या सेंटिमीटरच्या आत येऊन राहत असतील तर मी कातडी सोडून देते. तिला मात्र आधी सांगते. नाहीतर घरी आरशात बघून ती घाबरते. पहिल्या दर्जाच्या छोट्या जखमांना हल्ली वैद्यकीय गोंदही वापरतात. त्याचे निकाल चांगले आहेत आणि वेळही कमी लागतो.

स्फिंक्टरचं प्रकरण वेगळं. तिथे सलग टाक्याची चर्चा नाही. ती जखम ऑपरेशन थिएटरमध्ये, पुरेशा भुलेखाली, चांगल्या उजेडात, शिकलेल्या हातानेच शिवली पाहिजे. तुटलेली दोन टोकं समोरासमोर आणून जोडायची, की एकावर दुसरं चढवून जोडायचं, यावर बराच खल झाला. वर्षभराने पाहिलं तर चढवून जोडण्याच्या बाजूने थोडं झुकतं माप दिसलं, पण तीन वर्षांनी दोन्ही सारखेच ठरले. स्फिंक्टर पूर्ण तुटलेला असेल तर दोन्हींपैकी कुठलीही रीत चालते, अर्धवट तुटला असेल तर समोरासमोरच. आठाच्या आकड्यासारखे टाके मात्र टाळायचे, त्याने मांसाचा रक्तपुरवठा तुटतो. नीट ओळखून नीट जोडलेल्या ६० ते ८० टक्के बायकांना वर्षभराने काहीच त्रास राहत नाही. ही बातमी चांगली आहे आणि ती त्या बाईला पहिल्याच दिवशी सांगायला हवी, कारण 'तिसरा दर्जा' एवढंच ऐकून ती घरी जाते आणि रात्रभर फोनवर शोधत बसते.

आता एक गोष्ट, जिच्यावर मी सौम्यपणे बोलू शकत नाही. शेवटी योनिमुखाशी एखादा जादा टाका घालून ते लहान करायचं. कधी नवरा सुचवतो, कधी डॉक्टरच हसत हसत म्हणतो, की तुमच्यासाठी घट्ट करून दिलं. जगभरच्या बायकांनी हे अनुभव सांगितले आहेत. याला कुठलाही वैद्यकीय आधार नाही. योनीची पकड आतल्या, खोलवरच्या स्नायूंवर असते. दाराशी कातडी आवळून ती वाढत नाही. त्या टाक्याने मिळतं ते वर्षानुवर्षांचं दुखणं. ज्या बाईने नुकतंच मूल जन्माला घातलं, जिचा कमरेखालचा भाग बधिर आहे, जिला समोर काय चाललंय दिसत नाही, तिच्या शरीरावर दुसऱ्याच्या सोयीसाठी टाका घालणं हा अपराध आहे. जिथे मी शिकवते तिथे हे वाक्य विनोदानेही उच्चारू देत नाही.

आणि मुळात किती जखमा आपणच करतो? डब्लिनच्या फील्डिंग ओल्ड यांनी १७४२ मध्ये चीर देण्याची कल्पना मांडली ती अडलेल्या बाळंतपणासाठी, शेवटचा उपाय म्हणून. १९२० मध्ये शिकागोचे जोसेफ डिली यांनी प्रत्येक पहिलटकरणीला चीर द्यावी आणि बाळाचं डोकं धरून बाहेर काढायचा चिमटा (फोरसेप्स) लावावा असा पुरस्कार केला, आणि पुढची अनेक दशकं सरसकट चीर देण्याची चाल पडली. सरळ चीर वेड्यावाकड्या फाटण्यापेक्षा बरी भरते, अशी सगळ्यांची समजूत होती. अर्जेंटिनामधल्या मोठ्या अभ्यासाने १९९३ मध्ये ती तपासून पाहिली. २६०६ बायका, एका गटात सरसकट चीर, दुसऱ्यात गरजेपुरती. चीर देण्याचं प्रमाण ८३ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर आलं, तरी गंभीर फाटणं वाढलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या आपल्या शिफारशींत सरसकट चीर देऊ नये असं स्पष्ट लिहिलं आहे. चीर म्हणजे थेट दुसऱ्या दर्जाची जखम. बाळाचे ठोके उतरले, चिमटा लावायची वेळ आली, तर ती द्यावीच लागते, आणि तेव्हा ती मधल्या रेषेपासून साठ अंश बाजूला द्यायची, म्हणजे स्फिंक्टर वाचतो. एरवी डोकं सावकाश येऊ द्यावं, पेरिनियमवर कोमट पाण्याची घडी धरावी, बाईला त्या शेवटच्या मिनिटात जोर थांबवून धापा टाकायला सांगावं. कोमट घडीने तिसऱ्या-चौथ्या दर्जाच्या जखमा कमी होतात हे अभ्यासातून दिसलेलं आहे. इतकी साधी गोष्ट करायला खरं तर कोणाची परवानगी लागत नाही.

मी शिकवते त्या मुलामुलींना आधी स्पंजाच्या तुकड्यावर धागा फिरवायला लावते. तीन थर वेगळ्या रंगांचे केले की चूक लगेच दिसते. मग टेबलावर. पण माझा खरा आग्रह त्यानंतरचा असतो. ज्याने शिवलं त्याने दुसऱ्या दिवशी त्या बाईकडे जायचं आणि नुसती जखम बघून परत यायचं नाही. ती पलंगावरून कशी उठते, बसताना तोंड कसं होतं, लघवीला जाताना आग होते का, हे बघायचं. दहाव्या दिवशी फोन करायचा, किंवा ती तपासायला आली असेल तर तिच्यासमोर बसायचं. एक मुलगा पहिल्यांदा असा जाऊन आला आणि म्हणाला, "मॅडम, मी शिवलेली जखम छान आहे, पण ती जेवायला उभी राहते." पुढच्या वेळी त्याने धागा कमी ओढला. मला वेगळं काही सांगावं लागलं नाही.

दुखणं कमी करण्याची बाकीची साधनं साधी आहेत. कपड्यात गुंडाळलेला बर्फ पहिल्या एक-दोन दिवसांत, वेदनाशामक औषध मागायची वाट न पाहता वेळेवर, कोमट पाण्याने धुणं, आणि बद्धकोष्ठता होऊ न देणं. पहिल्या संडासला टाके तुटतील या भीतीने बायका दिवसचे दिवस थांबतात आणि मग खरंच त्रास होतो. त्यांना सांगावं लागतं की टाके त्याने तुटत नाहीत, मऊ संडास होईल असं औषध घे आणि थांबू नकोस. दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल, वास येत असेल, ताप आला असेल तर मात्र त्याच दिवशी यायला हवं.

सहा आठवड्यांनी ती येते तेव्हा मी काही प्रश्न तिला सरळ विचारते, कारण ती आपणहून सांगणार नाही. वारा आवरतो का? संडासला लागली तर थांबता येतं का? खोकताना लघवी निसटते का? संबंध सुरू केले असतील तर दुखतं का? टाके सलग असोत की सुटे, या शेवटच्या तक्रारीत तीन महिन्यांनी फरक दिसत नाही. सलग टाक्याने ती सुटली असं मी म्हणणार नाही. ती वेगळी तपासावी लागते, कधी जखमेची खूण कडक झालेली असते, कधी अंगावर पाजल्यामुळे तिथला कोरडेपणा वाढलेला असतो, कधी मनात भीती बसलेली असते. तिन्हींवर उपाय वेगळे आहेत. ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे मी पुष्कळ जणींना पाठवते, आणि पहिल्या-दुसऱ्या दर्जाच्या जखमेलाही पाठवते.

घरी जाताना तिच्या कार्डावर मी चार गोष्टी लिहून देते: जखमेचा दर्जा, शिवण्याची पद्धत, धाग्याचा प्रकार, आणि शिवून झाल्यावर गुदद्वारातून तपासलं ही नोंद. हे लिहिलं नसेल तर तिने मागून घ्यावं. पुढच्या बाळंतपणाला ती दुसरीकडे गेली, तर तिथल्या डॉक्टरला तिला तपासण्याआधीच एवढं माहीत असायला हवं.